नशा नाकानं मोजता येत नाही

दारू प्यायलेल्या माणसाला ‘तुला चढली आहे का?’ असं विचारणं म्हणजे बंद पडलेल्या घड्याळाला वेळ विचारण्यासारखं आहे. उत्तर ठरलेलं असतं: ‘मला काही होत नाही.’ तो खोटं बोलत असतो असं नाही. ज्या मेंदूनं स्वतःची तपासणी करून उत्तर द्यायचं, त्याच मेंदूवर दारूनं हात फिरवलेला असतो. म्हणून घरचे, पोलीस, डॉक्टर असे सगळेच दुसरा मार्ग शोधतात. तो मार्ग बहुतेक वेळा नाकाचा असतो. तोंडाचा वास आला तर प्यायलेला, नाही आला तर शुद्धीत.

आपल्या मोहल्ल्यांत तर या नाकावर फारच भिस्त आहे. पोरगा रात्री उशिरा घरी आला की अम्मी काही ना काही निमित्त काढून त्याच्याजवळ जाते. वास आला नाही की मनातल्या मनात अल्हम्दुलिल्लाह म्हणते आणि ताट वाढायला घेते. पोराचे डोळे जड आहेत, जीभ जड आहे, विचारलेल्याचं उत्तर दोन क्षण उशिरा येतंय, घास तोंडापर्यंत नेताना हात अडखळतोय, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वास नाही, म्हणजे नशा नाही.

मला वाटतं, हा हिशेब चुकीचा आहे. नशा वासानं मोजायची नसते, बाटलीनं मोजायची नसते आणि जातधर्म बघून तर मुळीच मोजायची नसते. तिनं माणसाच्या बुद्धीतून नेमकं काय काढून घेतलं, यावर ती मोजायची असते. हे म्हणणं मी एखाद्या प्रयोगशाळेतून उसनं आणलेलं नाही. आपल्याच परंपरेत ते चौदाशे वर्षांपासून आहे, आपण ते वाचतो आणि पुढे जातो.

दारूबद्दलचे कुरआनचे आदेश टप्प्याटप्प्यानं आले, हे आपल्याला मदरशातल्या पहिल्या धड्यांपासून शिकवलं जातं. सूरह बकराच्या २१९व्या आयतीत दारू आणि जुगारात थोडा फायदा आहे पण पाप मोठं आहे असं सांगितलं गेलं. सूरह मायदाच्या ९०व्या आयतीत संपूर्ण बंदी आली. या दोन्हींच्या मधली पायरी म्हणजे सूरह निसाची ४३वी आयत. नशेत असाल तर नमाजच्या जवळ जाऊ नका, असा तिचा आशय. पण ती तिथंच थांबत नाही. कधीपर्यंत जाऊ नका, तेही सांगते: आपण काय बोलतोय हे आपल्याला कळू लागेपर्यंत.

ही मर्यादा नीट पाहिली पाहिजे. किती प्याले, कोणत्या फळाची दारू, तोंडाला वास येतो की नाही, यातलं काहीही तिथं नाही. कसोटी आहे ती आकलनाची. जीभ शब्द उच्चारते आहे, पण त्या शब्दांमागे माणूस हजर आहे का? नशेची ही व्याख्या परिणामावरून केलेली आहे. पैगंबरांच्या हदीसमध्येही प्रत्येक नशा आणणारी गोष्ट खम्रच, असं येतं. हजरत उमर यांनी तर जे बुद्धीला झाकतं ते खम्र, असं स्पष्ट केल्याचं नोंदवलेलं आहे. त्या शब्दाच्या मुळातच झाकण्याचा अर्थ आहे. म्हणजे द्राक्ष, खजूर, मोह की गोळी हा प्रश्न दुय्यम. बुद्धीवर पडदा पडला का, हा प्रश्न पहिला.

पुढे फुकहांमध्ये यावर बारकाईनं चर्चा झाली. शिक्षेसाठी माणूस नशेत आहे असं कधी धरायचं? इमाम अबू हनीफा यांनी उंबरठा फार वर ठेवला. ज्याला जमीन आणि आकाश, पुरुष आणि स्त्री यांतला फरक कळेनासा झाला तो नशेत, असं त्यांचं मत. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांना हे पटलं नाही. ज्याचं बोलणं बहुतांशी बरळणं झालंय तो नशेत, असं ते म्हणाले. एकाच घराण्यातल्या या मतभेदाचं मला कौतुक वाटतं. रेघ कुठं मारायची यावर ते भांडले, पण रेघ बुद्धीवरच मारायची यावर दोघांचंही एकमत होतं. हराम-हलालचा प्रश्न वेगळा, तिथं एक थेंबही जास्त. पण माणूस भानावर आहे की नाही हा प्रश्न थेंबानं सुटत नाही. आपण मात्र पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की दुसरा विचारतच नाही.

आता विज्ञानाकडे वळू. बुद्धीवर पडलेला पडदा किती जाड आहे, हे मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला. दारू, चहा, मॉर्फिन आणि त्या काळातली क्लोरल हायड्रेट, पॅराल्डिहाइड ही झोपेची औषधं देऊन त्यानं साध्या साध्या मानसिक क्रियांना लागणारा वेळ मोजला आणि १८९२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं ते असं: दारूच्या थोड्या मात्रेनं हात सुरुवातीला चटकन हलतो, पण ऐकलेलं-पाहिलेलं समजून घेणं आणि दोन गोष्टींतून निवड करणं मंदावतं. म्हणजे हात पुढे आणि बुद्धी मागे. ‘थोडी घेतली की मी जास्त चांगली गाडी चालवतो’ असं सांगणाऱ्याला जे वाटत असतं, त्याचं उगमस्थान बहुधा हेच असावं.

त्यानंतर इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी एक महत्त्वाची गोष्ट जोडली. आपण दारू प्यायलोय हे माहीत असलं तरी माणसाची कामगिरी बदलते, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून कोणत्या पेयात दारू आहे आणि कोणत्यात नाही हे पिणाऱ्याला ओळखता येऊ नये, अशी सोय त्यांनी केली. तसं केल्यावर लहान मात्रेचे म्हणून सांगितले जाणारे बरेच परिणाम दिसेनात. १९०८ साली त्यांचं पुस्तक आलं. हेच रिव्हर्स १८९८ साली टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर जाऊन तिथल्या रहिवाशांची नजर, ऐकणं, वेदना मोजून आले होते आणि नंतर आपल्या निलगिरीतल्या तोडा लोकांमध्येही राहिले होते. ‘रानटी’ माणसांची इंद्रियं अचाट तीक्ष्ण असतात अशी युरोपात समजूत होती. मोजल्यावर ती समजूत फारशी टिकली नाही. लोकांबद्दल काही बोलण्याआधी मोजून बघावं, आणि मोजताना आपल्या समजुती बाजूला ठेवाव्यात, हा त्यांच्या कामाचा धडा.

आजच्या चाचण्या अधिक नेमक्या आहेत. दिवा लागताच बटण दाबायला किती वेळ लागतो. आकड्यांखाली ठरलेल्या खुणा दीड-दोन मिनिटांत किती भरता येतात. एका पायावर उभं राहता येतं का. डोळ्यांसमोरून बोट हळूहळू बाजूला नेलं तर बुबुळं सरळ मागे येतात की थरथरतात. खऱ्या रस्त्यावर गाडी चालवताना ती आपल्या पट्ट्यात किती डावी-उजवी हेलकावते. यातल्या कशालाही वास लागत नाही. दारू असो, झोपेची गोळी असो की नुसतं जागरण, नुकसान दिसतं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सलग १७ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना होते तितकी घसरलेली आढळली. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये चालकासाठी मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. म्हणजे रात्रभर जागून पहाटे गाडी हाकणारा, थेंबही न पिता, कायद्यानं ठरवलेल्या दारुड्याच्या पुढे गेलेला असू शकतो.

दुसरा एक प्रयोग २००० साली अमेरिकेतल्या आयोवातला. चाळीस चालकांना वाहन चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवलं. वेगवेगळ्या दिवशी त्यांना दारू, डायफेनहायड्रामाइन हे सर्दी-ॲलर्जीचं जुनं औषध, एक नवं ॲलर्जीचं औषध आणि नुसती बनावट गोळी दिली. दारूची मात्रा रक्तात १०० मिलिलिटरला साधारण १०० मिलिग्रॅम होईल इतकी होती, म्हणजे आपल्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. तरीही पुढच्या गाडीशी जुळवून गाडी चालवण्यात सर्वात वाईट कामगिरी निघाली ती सर्दीच्या जुन्या औषधावर. आणि ‘मला झोप येतेय’ असं चालकाला किती वाटतं, यावरून तो कसा चालवेल हे काही सांगता येईना. स्वतःच्या भानाबद्दल स्वतःची साक्ष कितपत धरायची, हे यावरून कळावं.

हे सगळं कागदावर वाचलेलं मला नीट समजलं ते सूर्यमाळच्या रस्त्यावर. मोखाडा तालुक्यातलं हे उंच पठार. ओळखीचे एक शिक्षक त्या भागात नोकरीला होते, त्यांना भेटायला पावसाळ्यात गेलो होतो. खोडाळ्याहून जीपमध्ये बसलो. धुकं, वळणं, आणि जीपमध्ये बसायच्या दुप्पट माणसं. चालक पंचविशीतला, कपाळाला गंध, तोंडाला वास नाही. एका वळणानंतर मागच्या सीटवरची, मांडीवर टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी बाई त्याला म्हणाली, ‘‘या वळनाला तू रोज हारन देतोस. आज नाय दिला.’’ तो हसला. पुढच्या वळणालाही त्यानं हॉर्न दिला नाही. ‘‘थांबव,’’ बाई म्हणाली. ‘‘चा पी आन् मग चल.’’ त्यानं खरंच गाडी बाजूला घेतली. बोलता बोलता कळलं की रात्रभर तो कुणा आजाऱ्याला घेऊन फिरला होता आणि सकाळी सर्दीवर दोन गोळ्या घेतल्या होत्या. ‘‘दारूला मी शिवत नाय, आजी,’’ तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आजी म्हणाली, ‘‘दारूचं मी कुठं इचारलं?’’

त्या बाईनं केलं ते अचूक मोजमाप होतं. तिच्याकडे यंत्र नव्हतं, पण मोजायला पाहिजे ते तिनं मोजलं. त्या माणसाचं आजचं वागणं तिनं त्याच्याच रोजच्या वागण्याशी ताडून पाहिलं. प्रयोगशाळेतही हेच करतात. आधी शुद्धीतल्या माणसाची चाचणी घेतात, मग औषध दिल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतात आणि फरक बघतात. कातकऱ्याच्या हातात पेन्सिल देऊन त्याच्या आकडे-खुणांची तुलना मुंबईच्या पदवीधराशी केली, तर त्यातून नशा कळणार नाही, शाळा किती लांब होती तेवढं कळेल. तुलना करायची ती माणसाची त्याच्या स्वतःशी.

सूर्यमाळचं नाव मी आणखी एका कारणासाठी घेतो. या डोंगरातल्या माणसांना नशेच्या नावाखाली शंभर-सव्वाशे वर्षं मोजलं जातंय, पण कधी नीट मोजलं गेलेलं नाही. जव्हार हे कोळी राजाचं संस्थान आणि मोखाडा ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात. मोहाची फुलं इथं अन्न होती, औषध होती, लग्नात आणि देवापुढं ठेवायचा थेंब होती. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळणं सरकारच्या मुठीत गेलं. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. झाडाखाली पडलेलं फूल गोळा करणं हा गुन्हा ठरू लागला. सरकारला मोजायची होती ती बाटली, कारण कर बाटलीवर होता. दारूचा जोर मोजायला हायड्रोमीटर आला. ‘अंडर प्रूफ’चं ते जुनं माप देशी दारूच्या व्यवहारात अजून टिकून आहे: २५ अंडर प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के अल्कोहोल. बाटलीचं माप दशांशापर्यंत गेलं. पिणाऱ्याच्या मेंदूचं, पोटाचं, घराचं माप कुणी घेतलं नाही. त्याच्यासाठी एक वाक्य पुरेसं होतं: ‘हे लोक पिऊनच असतात.’ पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाडीच्या टपावर बाटल्या मांडून पठारावर नाचणारे पाहुणेही हेच वाक्य बोलतात.

हे वाक्य ऐकलं की मला घरचं काहीतरी आठवतं. आपल्याबद्दलही अशी वाक्यं तयार असतात. एका समाजावर नशेचा शिक्का आणि दुसऱ्यावर सोवळेपणाचा, दोन्ही न मोजता मारलेले. पहिला शिक्का आदिवासी माणसाचं नुकसान करतो, कारण तो आजारी असला, उपाशी असला, डोक्याला मार लागून बडबडत असला, तरी ‘प्यायला असेल’ म्हणून बाजूला बसवला जातो. रक्तातली साखर उतरलेला माणूस आणि डोक्यात रक्तस्राव झालेला माणूसही अडखळतो, बरळतो. दुसरा शिक्का आपलं नुकसान करतो, कारण आपली मुलं पीत नाहीत म्हणजे शुद्धीत आहेत, असं आपण धरून चालतो.

कायद्यानं नाकावर विसंबू नये, हे न्यायालयानं फार पूर्वीच सांगितलंय. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ साली म्हटलं की तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारू प्यायल्याचा निष्कर्ष काढता येत नाही, रक्ताची किंवा लघवीची तपासणी हवी. बरोबरच आहे. पण रक्ताची तपासणी सूर्यमाळला पोचते कशी, हेही बघा. शरीर अल्कोहोल जाळतं ते तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगानं. समजा पठारावरच्या वळणावर अपघात झाला तेव्हा चालकाच्या रक्तात ७० मिलिग्रॅम होतं. पोलीस येणार, जखमींना आधी हलवणार, गाडी मिळणार, मोखाडा किंवा जव्हारचं रुग्णालय गाठणार. तीन तास गेले तर ४५ मिलिग्रॅम वाटेत जळालं. नळीत उतरलं २५. कायद्यानं तो शुद्धीतला माणूस. मुंबईतल्या नाक्यावर पाच मिनिटांत फुंकर मारणाऱ्याला जो कायदा पकडतो, तोच इथं रस्त्याच्या लांबीनं हरतो. शिवाय महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात मर्यादा ०.०५ टक्के, म्हणजे ५० मिलिग्रॅम, आणि वाहन कायद्यात ३०. एकाच माणसाला दोन कायदे दोन रेघांनी मोजतात.

दारूला निदान एक आकडा तरी आहे. गोळ्यांना तोही नाही. कलम १८५ मध्ये अमली पदार्थाच्या अंमलाखाली गाडी चालवणंही गुन्हा आहे, पण तिथं मर्यादा मिलिग्रॅममध्ये दिलेली नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतपत अंमल, असं म्हटलंय. म्हणजे कायदा इथं नकळत कुरआनच्याच कसोटीवर आला: काय घेतलं यापेक्षा काय जमत नाही ते बघा. पण ते बघण्याची तयारी कुणाची आहे? पोलिसांच्या हातातलं यंत्र श्वासातली दारू ओळखतं. अल्प्राझोलामची गोळी घेतलेला त्यात कितीही फुंकला तरी शून्यच येणार. आणि गोळ्यांच्या बाबतीत रक्तातला आकडाही फसवा. वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याच्या रक्तात ते भरपूर असूनही तो बराचसा सावध असू शकतो. पहिल्यांदाच अर्धी गोळी घेतलेला भिंतीला धरून चालतो. डायझेपामसारखं औषध कित्येक दिवस शरीरात रेंगाळतं. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा अंमल सकाळीही उरतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ साली बायकांसाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावली. रात्री गोळी घेऊन सकाळी मुलाला स्कूटरवरून शाळेत सोडणाऱ्या आईचा विचार तिथं झाला. आपल्याकडे पाकिटावर बारीक इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं असतं.

आता आपल्या दाराशी येऊ. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अल्प्राझोलामच्या गोळीला पोरांनी दिलेलं ते नाव. मराठवाड्यात ‘बटन’ म्हणतात. भिवंडी-मुंब्र्याकडे कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची बाटली. पोलिसांच्या धाडींच्या बातम्या वरचेवर येतात, आपण वाचतो आणि पान उलटतो. ही नशा आपल्या वस्त्यांत का फोफावली? बेकारी, यंत्रमागाची रात्रपाळी, सोबत, स्वस्ताई ही कारणं आहेतच. पण माझ्या मते एक कारण आपलं नाकही आहे. जी नशा घरात ओळखली जात नाही, जिच्यासाठी मशिदीत मान खाली घालावी लागत नाही, ती सोपी वाटते. ‘दारू थोडीच प्यायलो’ असं म्हणून पोरगा स्वतःची समजूत घालतो. जुम्याच्या खुतब्यात शराबवर बोललं जातं, गोळीचं नाव फार क्वचित निघतं. जे बुद्धी झाकतं ते खम्र, हे ज्यांना तोंडपाठ आहे त्यांनी तरी हा फरक करायला नको होता.

या मोजमापाचा संबंध फक्त रस्त्याशी नाही, घराशीही आहे. हनफी फिकहच्या प्रचलित मतानुसार दारूच्या नशेत दिलेला तलाक लागू होतो. औषधामुळे शुद्ध हरपली असेल तर मात्र लागू होत नाही. कारण असं देतात की दारू पिणाऱ्यानं पाप स्वतःहून केलं, त्याला सवलत कशाला? पण शिक्षा झाली कुणाला? प्यायला तो आणि घराबाहेर पडली ती. ज्याची नमाज आपण अडवतो, कारण आपण काय बोलतोय हे त्याला कळत नाही, त्याच माणसाचे तीन शब्द मात्र पूर्ण भानावर बोलल्यासारखे धरतो. हे माझ्या बुद्धीला पटत नाही, आणि मी एकटा नाही. नशेतला तलाक ग्राह्य नाही हे मत हजरत उस्मान यांच्या नावे इमाम बुखारींच्या संग्रहात नोंदवलेलं आहे, पुढे इब्न तैमियांनीही तेच धरलं. २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९चा कायदा यांनी एका दमातला तलाक रद्द ठरवला, तरी मनातली आणि पंचायतीतली गाठ सुटलेली नाही. बुद्धी हजर होती का, हा प्रश्न आपण नमाजच्या वेळी विचारतो तसा इथंही विचारला असता, तर कित्येक बायका कोर्टाच्या आधीच वाचल्या असत्या.

नाकाचा उपयोगही आपल्या परंपरेत आहे, तो कशासाठी होता ते पाहण्यासारखं आहे. सहीह मुस्लिममध्ये माइज यांची हकीकत येते. त्यांनी स्वतः येऊन गंभीर गुन्ह्याची कबुली दिली. पैगंबरांनी आधी विचारलं, याला वेड तर लागलेलं नाही ना, यानं दारू तर घेतलेली नाही ना. तेव्हा एकानं उठून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. वास घेतला गेला तो माणसाला पकडण्यासाठी नव्हे. त्याचं बोलणं त्याचंच आहे ना, ही खात्री करण्यासाठी. मोजमाप हे आधी संरक्षण असतं.

मग करायचं काय? मोठी यंत्रं आणा असं मी म्हणणार नाही. अपघात झालेल्या माणसाचं रक्त जवळच्या आरोग्य केंद्रातच, वेळ लिहून, घेतलं जावं. त्याबरोबर चाल, डोळे, बोलणं, साध्या सूचना समजतात का, याची नोंद ठरावीक नमुन्यात व्हावी, आणि माणूस अडखळतोय म्हणून ‘प्यायलेला’ असं लिहिण्याआधी साखर आणि डोक्याची जखम तपासली जावी. औषधाच्या दुकानात सर्दीची, झोपेची, चिंतेची गोळी देताना दुकानदारानं मराठीत एक वाक्य बोलावं: ही घेऊन गाडी चालवू नका, दारूबरोबर तर मुळीच नको. दारू आणि ही औषधं एकत्र आली की नुसती झोप लागत नाही, श्वासही मंदावतो.

आणि घरात अम्मीनं, अब्बांनी, बहिणीनं वास घेणं सोडून त्या म्हाताऱ्या बाईसारखं बघावं. रोज जे करतो ते आज करतोय का? नाव पहिल्या हाकेला ऐकतो का? सुट्टे पैसे मोजताना चुकतो का? कालचं बोलणं आज आठवतं का? फरक दिसला तर आरडाओरडा करून पोराला कोंडू नये आणि गोळ्या एकदम हिसकावूनही घेऊ नयेत. रोज घेणाऱ्यानं त्या अचानक बंद केल्या तर झटके येऊ शकतात, जीवावर बेतू शकतं. त्याला डॉक्टरांकडे न्यावं, हळूहळू मात्रा कमी करून सोडवता येतात. त्यात लाज नाही. लाज वाटायचीच असेल तर समोर बसलेल्या पोराचे जड डोळे न बघता वास नाही म्हणून निर्धास्त झोपी जाण्याची वाटावी.